दप्तरखान्यात आपला आज्जा शोधताना



वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा समितीतल्या पोरांनी मला गाठलं. म्हणाली, "काका, तुम्ही जुने आहात. विहाराचा इतिहास तुम्हीच लिहा." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. कागद घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. आपलं विहार स्थापन झालं कधी?

एक आजी म्हणाल्या, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच्या दुसऱ्या वर्षी. म्हणजे १९५७. दुसरे एक बाबा म्हणाले, महाराष्ट्र राज्य झालं त्या साली. म्हणजे १९६०. तिसरे म्हणाले, छे छे, चीनची लढाई चालू होती, आम्ही पत्रे ठोकत होतो. म्हणजे १९६२. तिघंही छातीला हात लावून सांगत होते. आणि कागद? कागद एकाकडेही नव्हता. पासष्ट वर्षांचं काम, शेकडो घरांची वर्गणी, किती जणांचा घाम, आणि तारीख सांगायला एक चिठ्ठी नाही!

तेव्हा मनात आलं की ही आपल्या विहाराचीच गोष्ट नाही, आपल्या घराघराची गोष्ट आहे. पणजोबाचं नाव विचारलं तर किती जणांना येतं? आपल्याला इतिहास नाही असं लोक म्हणतात आणि आपणही मान खाली घालतो. पण माझा गेल्या दहा-बारा वर्षांचा अनुभव वेगळा आहे. आपला इतिहास लिहिलेला आहे. फक्त तो आपल्या घरात नाही, सरकारच्या दप्तरात आहे. ज्यांनी आपल्याला माणूस मानलं नाही त्यांनीच सारा, राबणूक आणि बंदोबस्त यांच्यासाठी आपली नोंद करून ठेवली. ती नोंद वाचायला आपण जात नाही, एवढंच. कसं जायचं आणि गेल्यावर काय हाती लागतं, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

वडिलांची पेटी

मी काही शिकलेला माणूस नाही. दहावी इंग्रजीत गेली आणि वडिलांच्या जागेवर बदली म्हणून गिरणीत लागलो. रिंग खात्यात तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी बंद झाली ती उघडलीच नाही.

कागदाची किंमत मला कळली ती गिरणी कामगारांच्या घरांच्या वेळी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घरासाठी अर्ज करता येत होता. २८ जून २०१२ ला ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली, हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्याआधी अर्ज भरताना चाळीत काय धावपळ! कुणाकडे हजेरीचा पास नाही, कुणाकडे विमा योजनेचं कार्ड नाही, कुणी फंडाची पावती पाच वर्षांपूर्वी रद्दीत घातलेली. जन्मभर राबलेल्या माणसाला आपण राबलो हे सिद्ध करता येईना.

आमचे वडील तोवर वारले होते. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. आईनं ती कुणाला विकू दिली नव्हती. उघडली तर पास, कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं सुतळीनं बांधलेलं. आणि तळाशी एक जुना पिवळा कागद. घडीवर फाटलेला. अक्षर असं की एका दमात लिहीत गेल्यासारखं, मधे शब्द तुटलेला नाही. चाळीतल्या मास्तरांना दाखवला. ते म्हणाले, "ही मोडी आहे. मला येत नाही."

सोडतीत आमचा नंबर काही लागला नाही. पण तो पिवळा कागद डोक्यात बसला तो बसला.

कागद काय बोलला

पूर्वी आपल्याकडचा सरकारी आणि खाजगी व्यवहार मोडीत चालायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचे कागद सापडतात. राज्य सरकारचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. अशा वर्गाला मी जाऊन बसलो. वर्गात मी सगळ्यात मोठा, बाकी कॉलेजची मुलं. आठवडाभर 'क' आणि 'फ' यांत गोंधळ झाला. पण गिरणीत तुटलेला धागा सांधायला शिकलो तसा अक्षराला अक्षर सांधायला शिकलो. अवघड नाही. सराव पाहिजे.

आता त्या कागदात काय होतं ते सांगतो. त्याआधी आमच्या भावकीचं थोडं सांगावं लागेल. गावातली आणि आमची नावं इथं छापत नाही, तसं भावबंदांशी ठरलं आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आमच्या आज्जाला एक थोरला भाऊ. थोरलं घर आणि धाकटं घर, दोन्ही पुढं मुंबईला आली, याच वस्तीत राहिली. पण चाळीसेक वर्षं एकमेकांच्या दारात पाय नाही. लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला लांबून उभं राहायचं. कारण काय, तर गावची वतनी जमीन. थोरलं घर म्हणायचं, धाकट्यानं जमीन परस्पर खाल्ली. आमचे वडील म्हणायचे, जमीन थोरल्यानं खाल्ली. मीही लहानपणापासून तेच ऐकत मोठा झालो. खरं सांगतो, मोडी शिकायला गेलो ते इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. थोरल्या घराचं तोंड बंद करायला पुरावा पाहिजे होता.

कागद वाचता आला तेव्हा समजलं, ती महारकीच्या पाळीची वाटणी होती. गावकामाची पाळी कोणत्या घरानं कधी करायची आणि वतनात कुणाचा किती हिस्सा, एवढंच. दोन्ही घरांचा हिस्सा आठ-आठ आणे. म्हणजे वाटणी बरोबरीची. यातून जमीन कुणी खाल्ली ते काही कळेना. पुढचं शोधायला गावाकडं जावं लागलं.

वतन म्हणजे काय होतं

आजच्या मुलांना वतन म्हणजे काहीतरी मोठी जहागीर वाटते. आपलं वतन म्हणजे गुलामीची पावती होती. थोडी जमीन आणि बलुतं, त्याच्या बदल्यात सगळ्या घरादारानं रात्रंदिवस गावची आणि सरकारची राबणूक. सरकारी टपाल पोहोचवा, साहेब आला की पुढं पळा, मेलेलं जनावर ओढा, मयताचा सांगावा दुसऱ्या गावाला न्या. शिवेचा तंटा झाला तर गावची हद्द कुठं आहे ते महाराला विचारायचे. सगळ्या गावच्या हद्दी ज्याला पाठ, त्याच्याच नावावर धड एक वावर नाही!

इंग्रज सरकारनं १८७४ साली वतनाचा कायदा केला आणि ही बेडी कायद्यात बसवली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. पुढं स्वातंत्र्यानंतर कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला आणि १९५९ साली महारकी संपली. जमीन आधी सरकारजमा झाली आणि ठरलेली रक्कम मुदतीत भरली तर त्याच कुटुंबाला परत मिळाली, तीही नव्या शर्तीवर. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आजही अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असतं. आपल्यापैकी ज्यांच्या गावाकडच्या उताऱ्यावर असा शेरा असेल त्यांनी तो नीट जपावा. अशा जमिनींवर पुष्कळांचा डोळा असतो.

फेरफारात सापडलेले दोन अंगठे

तालुक्याला गेलो तर पहिल्यांदा हात हलवत परत आलो. मी आजच्या गट नंबरावरून जुना कागद मागत होतो. एका कचेरीतल्या माणसानं सरळ "नाही" म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या निवृत्त तलाठ्यानं डोळे उघडले. गावात १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालं की जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर येतात. आधी गटावरून जुना सर्व्हे नंबर काढायचा आणि मग त्या नंबरानं मागं जायचं. ही किल्ली हाती नसेल तर पुढचं कुलूप उघडत नाही. माझा एक वर्षाचा वेळ या एका गोष्टीपायी गेला. तुमचा जाऊ नये म्हणून लिहितो.

मग फेरफाराची नोंदवही सापडली. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर का आणि कशी गेली हे त्या वहीत लिहिलेलं असतं. सातबारा म्हणजे माणसाचा फोटो आणि फेरफार म्हणजे त्याची हकीकत, असं समजा.

आमच्या जमिनीच्या नोंदीत लिहिलं होतं की वतन खालसा झालं, कब्जेहक्काची रक्कम भरण्याबद्दल दोन्ही हिस्सेदारांना समज दिली, मुदतीत रक्कम भरली नाही, सबब जमीन सरकारकडे. आणि त्याला जोडलेल्या जबाबाखाली दोन अंगठे. एक थोरल्या आज्जाचा, एक आमच्या आज्जाचा. शेजारी शेजारी.

मी त्या रेकॉर्डरूममध्ये मटकन खाली बसलो. जमीन थोरल्यानं खाल्ली नव्हती. आमच्या आज्जानंही खाल्ली नव्हती. दोघे भाऊ एकाच दिवशी कचेरीत उभे राहिले होते, दोघांकडेही पैसे नव्हते, दोघांनाही वाचता येत नव्हतं. कुणी सावकाराचं दार दाखवलं नाही, कुणी अर्ज लिहून मुदत मागायला सांगितलं नाही. पुढं जमीन गेली, आणि घरी येऊन कुणी कुणाला काय सांगितलं ते कोण जाणे. सरकारनं घेतली म्हणण्यापेक्षा भावानं घेतली म्हणणं सोपं गेलं असेल.

आईनं पोटच्या पोराला जपावी तशी पेटी जपली होती. पण माझ्या मनात राग जपला गेला होता, आणि त्याला कागदाचा आधारच नव्हता. नक्कल घेऊन मुंबईला आलो. चार दिवस घरात कुणाशी बोललो नाही. कारण मला जो पुरावा पाहिजे होता तो मिळाला नव्हता. मिळालं ते उलटंच. शेवटी वैशाखी पौर्णिमेला विहारात थोरल्या घरच्या दादांना हाक मारली. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मी नक्कल पुढं केली. त्यांनी चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण उगाच..." पुढं त्यांना बोलवेना. मलाही नाही.

आता आमच्या घरी कार्य असलं की पहिलं ताट दादांचं असतं. जमीन गेली ती गेली. भाऊ परत मिळाला.

काळ्या घोड्याजवळचं दप्तर

यानंतर मला नादच लागला. मुंबईत काळा घोडा भागात एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. तिथं मी मुंबई पुराभिलेखागारात जाऊ लागलो. मुंबई सरकारनं १८२१ साली दप्तरखाना सुरू केला, त्याचा हा वारसा. पुण्याला पेशवे दप्तर आहे. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथंही शाखा आहेत. आपल्यातल्या अनेकांना वाटतं, ही जागा प्रोफेसरांची. मलाही दारात उभं राहिल्यावर धडधडलं. पण अर्ज लिहिला, ओळखपत्र दाखवलं, कशासाठी पाहिजे ते सांगितलं. शाई लागू नये म्हणून पेन बाजूला ठेवायचं आणि पेन्सिलीनं टिपणं काढायची. हवा तो ग्रंथ चिठ्ठी भरून मागवायचा. बस्स. सरकारी कागद म्हणजे जनतेच्या पैशानं जपलेला जनतेचा कागद. तिथं बसायला आपल्याला कुणाची मेहरबानी लागत नाही.

तिथं कागद माणसाच्या नावानं लावलेले नसतात. खातं, साल आणि विषय असे लावलेले असतात. महसूल, शिक्षण, न्याय, राजकीय अशी खाती. म्हणून जाताना "माझा पणजोबा द्या" म्हणून चालत नाही. पणजोबाचा कोणत्या खात्याशी संबंध आला असेल, हा विचार करून जायचं. जमीन असेल तर महसूल. शाळेचा तंटा असेल तर शिक्षण. सभा-मोर्चा असेल तर पोलीस.

माझ्या वाचनातून तीन तऱ्हांचे कागद मला दिसले.

पहिली तऱ्हा, आपल्याकडून काहीतरी वसूल करण्यासाठी केलेली नोंद. यात माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, हिस्सा. जुन्या कागदांत आपल्या माणसांच्या नावापुढं 'नाक' येतं आणि 'अमक्याचा मुलगा' म्हणायला 'बिन' किंवा 'वल्द' येतं. या 'नाक'वरूनच भीमा-कोरेगावच्या स्तंभावरच्या ४९ हुतात्म्यांपैकी २२ जण महार असल्याचं ओळखता येतं. इथं एक कबुली देतो. आमचा पूर्वज कोरेगावच्या लढाईत होता, असं मी अनेक वर्षं भाषणात सांगत आलो. स्तंभावरची यादी पाहिली, घरात सांगत आलेलं नाव तिच्यात नाही. दुसरा पुरावाही मिळाला नाही. त्या दिवसापासून मी ते वाक्य बोलायचं सोडलं. खोट्या मोठेपणावर उभा केलेला इतिहास एका धक्क्यात पडतो आणि त्याच्याबरोबर खराही पडतो.

दुसरी तऱ्हा, आपल्यावर नजर ठेवण्यासाठी केलेली नोंद. बाबासाहेबांच्या सभांना पोलिसांची माणसं हजर असायची. कुठं सभा झाली, किती लोक होते, कोण काय बोललं, सगळं लिहून वर जायचं. त्या गुप्त अहवालांतले उतारे महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्यानं १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांच्या इंग्रजी ग्रंथात छापले. आपल्याला दाबायला लिहिलेला कागद आज आपल्या चळवळीचा साक्षीदार झाला! पण सावध राहायचं. पोलिसानं "जमाव थोडा होता" लिहिलं तर तो थोडाच होता असं धरून चालू नका. कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, त्याला काय दाखवायचं होतं, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचे.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात मोलाची वाटते. ती म्हणजे आपल्या माणसांनी केलेले अर्ज. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला होता. तो मोठ्या माणसाचा. पण पाणवठ्यासाठी, शाळेसाठी, वेठीविरुद्ध लहान लहान गावच्या लोकांनीही सरकारकडं दाद मागितलेली आहे. इथं आपला माणूस दुसऱ्यानं लिहिलेला नसतो, तो स्वतः बोलत असतो. असा अर्ज हातात आला की अंगावर काटा येतो.

बाबासाहेबांनी दाखवलेली वाट

कुणी म्हणेल, कागद उकरून काय होणार? त्याला महाडचा दाखला देतो. १९२७ साली २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यालं, ते आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि तो जवळजवळ दहा वर्षं चालला, हे किती जण सांगतात? तळं कुणाच्या मालकीचं, ते नगरपालिकेकडं कसं आलं, अस्पृश्यांना मनाई करण्याची चाल खरोखरच अनादी काळापासून आहे का, यावर पुरावे आणि साक्षी झाल्या. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. ती चाल अनादी असल्याचं वादींना शाबीत करता आलं नाही. तळ्याकाठी जो हक्क बजावला, तो कागदावरही शाबूत ठेवला. मोर्चा आणि पुरावा, बाबासाहेबांनी दोन्ही सोडले नाहीत.

बाबासाहेबांच्याच आयुष्यातला एक कागद पाहा. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ नंबरवर 'भिवा' नावाच्या मुलाची नोंद आहे. ती वही कुणीतरी शंभरावर वर्षं जपली, म्हणून आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या वहीतली एक ओळ, पण केवढी मोठी!

विहाराच्या सात सह्या

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येतो. विहार कधीचं?

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आपल्या मंडळाच्या जुन्या नोंदणीची नक्कल मागितली. खेपा झाल्या, पण मिळाली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला निदान सात माणसं लागतात. आपल्या अर्जावर साल १९६१ आहे आणि खाली सात जण आहेत. म्हणजे तिघांचंही खरंच होतं. १९५७ पासून लोक एका खोलीत वंदनेला जमत होते, १९६० ला मंडळ काढायचं ठरलं, १९६१ ला नोंद झाली, १९६२ ला पत्र्याची शेड उभी राहिली. कागद असलेली तारीख १९६१ ची. बाकीच्या तारखा आठवणीतल्या आहेत, आणि स्मरणिकेत त्या तशाच वेगळ्या दाखवल्या आहेत.

पण खरी गोष्ट पुढं आहे. त्या सात जणांत पाच सह्या आहेत आणि दोन अंगठे. दोन्ही अंगठे बायांचे. आपल्या भिंतीवरच्या संस्थापकांच्या फळ्यावर किती नावं होती? पाच! दोन अंगठेवाल्या आयांची नावं साठ वर्षांत कुणी लिहिलीच नाहीत. सही करता आली नाही म्हणून वगळलं की बाई म्हणून वगळलं, ते आता विचारून उपयोग नाही. एकीच्या घरच्यांना हे दाखवलं तर तिच्या नातीनं सांगितलं, "आजी म्हणायची, विहार आम्ही काढलं. आम्हाला वाटायचं म्हातारी बडबडते."

म्हातारी बडबडत नव्हती. ती खरं सांगत होती. आपण ऐकलं नाही.

समितीनं एकमतानं ठराव करून ती दोन नावं फळ्यावर लावली आहेत. वर्धापनदिनाला याल तेव्हा आवर्जून वाचा.

आता तुम्ही काय करायचं

लेख लांबला, पण चार कामाच्या गोष्टी सांगून थांबतो.

एक. सुरुवात घरातून करा. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. तारीख विचारू नका, त्यांना येणार नाही. "दुष्काळ होता का, मुलगा केवढा होता, संप झाला होता का" असं विचारा, म्हणजे साल सापडतं. आईकडच्या माणसांनाही विचारा. सरकारी कागदात बाई फार कमी येते, ती आठवणीतच जास्त सापडते.

दोन. घरातली पेटी रद्दीत घालू नका. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, गिरणीचा पास, खोलीची भाडेपावती, वर्गणीची पावती, लग्नपत्रिका, सगळं ठेवा. मोबाइलवर फोटो काढा, पण मूळ कागद फेकू नका. आज बीडीडी चाळींसारख्या जुन्या वस्त्या पाडून नव्या इमारती होत आहेत. घर बदलताना पहिल्यांदा कागद हरवतात.

तीन. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर आणि तहसील कचेरीतलं गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते बघा. त्यात जन्म-मृत्यू जातीसकट नोंदलेले असतात. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि आपल्या मुलांची तिथं दमछाक होते. आपल्याच चाळीतल्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश यापायी अडला होता. तिचा आज्जा शाळेतच गेला नव्हता, मग दाखला कुठला आणणार? कोतवाल बुकात त्याच्या जन्माची एक ओळ सापडली आणि मुलीचं काम झालं.

चार. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कागद नसेल तर नाही म्हणून लेखी मागा. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आपल्या हातात आहे. अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार आता संगणकावर 'आपले अभिलेख' इथं बघता येतात, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद 'अभिलेख पटल'वर सापडतात. ही कामं तरुणांनी करावीत. आणि ज्याला जमेल त्यानं मोडी शिकावी. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं दप्तरं उघडली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली ते सर्वांनी पाहिलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी विहारात बसणार आहे. ज्यांच्याकडं जुना कागद असेल त्यांनी घेऊन यावं. वाचता येईल तेवढा वाचून देईन, अर्ज लिहून देईन. पैसे लागत नाहीत. मात्र आधीच सांगतो, कागद तुमच्या मनासारखंच बोलेल असं नाही. माझ्या मनासारखं तो बोलला नाही. पण तो खरं बोलला, आणि त्या खऱ्यानं आमची दोन घरं एक झाली.

आमच्या दोन्ही आज्जांना लिहिता आलं नाही. त्यांनी अंगठे उठवले. ते अंगठे वाचायचं काम आपलं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!